दहा मिनिटांची नोंद

आमच्या बेटाला दोन्हीकडे जमीन आहे,
पण दिसत एकही नाही.
खाली शानतुंग, वर ल्याओनिंग,
मधे समुद्राचं तोंड,
आणि गालात सुपारी धरावी तसं आमचं गाव.

पूर्वी मी केल्प वाळवायचे. चार मैल दोरी,
दोरीवर शेवाळाच्या ओल्या कातडी पट्ट्या.
आता पाठ वाकत नाही, म्हणून दिवा राखते.
दिवा घरावर नाही, समुद्रावर नाही,
सरळ आभाळात उभा.
जूनच्या रात्री त्यात पाखरं येतात,
खालून वर पडणाऱ्या बर्फासारखी दिसतात,
मग खरोखरच खाली पडतात, जाळीच्या पिशवीत.
सकाळी मी पिशवी तोलते.
ग्रॅमला आठ.

रुआन म्हणून एक पोरगा आहे, पेकिंगहून आलेला.
तो सांगतो, मावशी, यांचे पंख म्हणजे सायकल.
वारा म्हणजे आगगाडी.
सायकल डब्यात चढवली की शिनचिआंगसुद्धा लांब नाही.
पण गाडी कुठली ते तेच ठरवतात.
संध्याकाळी गवतात बसून राहतात,
उत्तरेचा वारा असला तर हलत नाहीत.
दक्षिणेचा आला की उठतात, चढतात,
तीनशे मीटरवर, जिथे वारा सगळ्यात जोरात धावतो,
तिथेच थर पकडतात.
आणि वारा तिरका असला तर?
तर नाक जरासं वळवून धरतात, तो म्हणाला.
हे मला लगेच कळलं.
फेरीबोटीवरचा म्हातारा मू भरतीत असंच करतो,
धक्का उजवीकडे, बोटीचं तोंड डावीकडे,
आणि नवे प्रवासी घाबरून एकमेकांकडे बघतात.

म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं काहीच नसतं पूर्णपणे.

माझा भाऊ देहाई पलीकडे मका लावतो.
रोज रात्री त्याचा फोन.
ताई, निघाली का?
मी वाऱ्याची दिशा सांगते, पिशवीचं वजन सांगते.
तो फवारणीचा हिशेब करतो.
आमच्यात दुसरं बोलणं आता फारसं उरलेलं नाही.

चौदा तारखेला दोन वाजता वारा पडला.
पडला म्हणजे, कुणी दार लावावं तसा.
मग ईशान्येकडून धुकं.
वरची सगळी फौज खाली आली,
दोऱ्यांवर, केल्पवर, वजनकाट्यावर,
माझ्या भुवयांवर.
समुद्रातही पडत असतील. ते दिसत नव्हतं.
जी दमून बसू बघत होती
त्यांनाही दिवा ओढून घेत होता.
पिशवी फुगत होती, आतून हलत होती.

मी बटण दाबलं.

का, ते विचारू नका. देहाईनं तर मुळीच विचारू नये.
काळोखात आवाज आला,
शेजारच्या खोलीत कुणी
पातळ कागदाच्या नोटा मोजतंय असा.
मी उभी राहिले. हलले तर तुडवली गेली असती.
मग मानेवर, पदर नसतो तिथे,
जरासा गार हात लागला. दक्षिणेचा.
नोटा थांबल्या.
भुवया हलक्या झाल्या.

दिवा लावला.
वहीत लिहिलं : दोन दहा ते दोन वीस, वीज गेली.
रुआननं सकाळी वाचलं.
त्याचा फोन रात्रभर चार्जिंगला होता, पूर्ण भरलेला.
त्यानं तो खिशात टाकला आणि काट्याचा शून्य नीट केला.

जुलैत देहाईनं फोटो पाठवला.
मक्याचं पान, म्हणजे नुसती शीर,
माशाचा काटा उरतो तशी.
मागोमाग फोन : त्या रात्री किती होती गं?
मी वहीतला आकडा सांगितला.
आकडा खरा होता.

मग एवढी आली कुठून, तो म्हणाला,
आणि गप्प झाला.
फोनमधून त्याच्या शेतातला वारा ऐकू येत होता,
फाटक्या पानांतून जाणारा,
दक्षिणेचाच,
आमच्यावरून गेलेला.